तुमच्या प्रोजेक्टमधली अनोळखी माणसं

फायनल इयर प्रोजेक्टचं सबमिशन उद्यावर आलंय. तुमच्या लॅपटॉपवर ॲप मक्खन चालतंय. ग्रुपमधल्या मित्राने तोच कोड त्याच्या मशीनवर उतरवला आणि स्क्रीनभर लाल अक्षरं! मग ठरलेला संवाद : ‘माझ्याकडे तर चालतंय की!’ शेवटी एक्झामिनरसमोर तुमचाच लॅपटॉप मध्ये ठेवून सगळा ग्रुप डेमोला उभा राहतो आणि कुणी चार्जरच्या वायरला पाय लावू नये म्हणून एक जण पहाऱ्यावर.

या लोच्याचं मूळ बरेचदा तुम्ही लिहिलेल्या कोडमध्ये नसतंच. ते असतं तुम्ही न लिहिलेल्या कोडमध्ये. प्रोजेक्ट जावास्क्रिप्टमधला असेल तर तुमच्या स्वतःच्या फाइल्स मोजा आणि मग शेजारच्या ‘नोड मॉड्युल्स’ फोल्डरची साइज बघा. तुमच्या पंधरा-वीस फाइल्स आणि बाजूला हा एवढा ढीग! तो कुणी लिहिला, कुठून आला, उद्या त्यातलं काही गायब झालं तर काय? मी शिकतेय पत्रकारिता, कोडिंग नाही. पण आमच्याकडे पहिल्या सेमिस्टरपासून ‘हे कुणी सांगितलं?’ विचारायची सवय लावतात. त्यामुळे रूममेट्सच्या स्क्रीनवर एका कमांडसरशी सरसर खाली उतरणारी नावांची यादी दिसली, की मला कायम एकच प्रश्न पडतो : ही मंडळी कोण?

या मंडळींना तुमच्या घरात आणण्याचं काम करतात बिल्ड टूल्स आणि पॅकेज मॅनेजर. नावं तुमच्या ओळखीची आहेत. जावावाल्यांसाठी मेव्हन आणि ग्रेडल, पायथनवाल्यांसाठी पिप, जावास्क्रिप्टवाल्यांसाठी एनपीएम. यातलं बहुतेक सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणालाही वाचता येतो, वापरता येतो, सुधारता येतो.

या घराण्यातलं खापरपणजोबा टूल म्हणजे ‘मेक’. १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने ते लिहिलं. कारण अगदी आपल्यातलं. त्याच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात गेली होती. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती! म्हणून फेल्डमनने असं टूल बनवलं, जे कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते बघतं आणि जे बदललंय त्याच्याशी संबंधित तेवढंच पुन्हा तयार करतं. मेकच्या फाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच द्यावा लागतो, स्पेस दिल्या तर चालत नाहीत. हा नियम त्रासाचा आहे हे फेल्डमनच्या लवकरच लक्षात आलं. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांचं काम बिघडू नये म्हणून त्याने टॅब तसाच ठेवला. त्या डझनभर लोकांच्या सोयीसाठी आजही जगभरातली पोरं त्या टॅबपायी डोकं धरून बसतात.

मेकला फाइल्स तुमच्याच कम्प्युटरवर आहेत हे गृहीत होतं. पुढे लोक एकमेकांचा कोड वापरू लागले, तेव्हा तो आणायचा कसा हा नवा प्रश्न आला. मेव्हनने त्याला दिलेलं उत्तर पुढे अनेकांनी आपापल्या पद्धतीने वापरलं. (मेव्हन हा यिडिश शब्द, अर्थ साधारण ‘जाणकार’.) ‘पॉम’ नावाच्या फाइलमध्ये तुम्ही फक्त लिहायचं, की मला अमुक लायब्ररी हवी, तमुक नंबरची. मेव्हन ती मध्यवर्ती भांडारातून आणतं, तिला स्वतःला ज्या लायब्ररी लागतात त्याही आणतं, त्यांना लागणाऱ्याही आणतं. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडल्यावर ‘ग्रेडल सिंक’ चहा पिऊन येईपर्यंत संपत नाही, त्यातही मोठा वेळ या आणण्यातच जातो.

चकलीचं उदाहरण घ्या. तुम्ही चकली करायला घेतली. भाजणी गल्लीतल्या काकूंकडून आणली. काकूंनी धणे-जिरे दुकानातून आणले, दुकानदाराने मार्केट यार्डातून. तुमच्या यादीत ‘भाजणी’ एवढा एकच शब्द आहे. धण्यात खडे निघाले तर दात मात्र तुमच्या पाहुण्याचा पडणार!

सॉफ्टवेअरच्या जगात हे असं खरोखर घडलंय. २२ मार्च २०१६. अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रॅमरचं ‘किक’ नावाचं एक पॅकेज एनपीएमवर होतं. त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीने नावावर हक्क सांगितला, एनपीएमने नाव कंपनीला दिलं. भडकलेल्या अझेरने आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस एनपीएमवरून काढून टाकली. त्यात एक होतं ‘लेफ्ट-पॅड’. काम काय? अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्यं भरणं. म्हणजे रोल नंबर ७ला ००७ करणं. कोड अकरा ओळींचा. फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला यापेक्षा मोठा प्रोग्रॅम असतो! पण या अकरा ओळींवर दुसरं पॅकेज उभं होतं, त्यावर तिसरं आणि तिथून साखळी पोहोचत होती थेट बेबल आणि रिॲक्टपर्यंत. जगभरात बिल्ड धडाधड पडू लागले. ज्यांचं काम थांबलं, त्यातल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅडचं नावही ऐकलं नव्हतं. साधारण दोन तासांत एनपीएमने पॅकेज परत ठेवलं आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियमही कडक केले. या प्रकरणात लोक अझेरला तऱ्हेवाईक म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्याने स्वतः लिहिलेलं आणि फुकट दिलेलं होतं ते. त्यावर आपण केवढा डोलारा उभा केलाय हे वापरणाऱ्यांनी बघायला नको होतं?

लेफ्ट-पॅडमुळे नुसतं काम अडलं. डिसेंबर २०२१मध्ये थेट घरफोडीची वेळ आली. लॉगफोरजे ही जावातली नोंदी ठेवणारी लायब्ररी, प्रोग्रॅमची डायरीच म्हणा. तिच्यातली फट अशी, की डायरीत एका ठराविक साच्याचा मजकूर लिहिला गेला, तर ती तो नुसता लिहून ठेवायची नाही, त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवायची. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक मेसेज टाकून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर याला १०पैकी १० मिळाले. गुगलच्या टीमने तेव्हा मोजलं, तर मेव्हनच्या भांडारातली ३५ हजारांहून जास्त पॅकेजेस, म्हणजे ८ टक्क्यांपेक्षा अधिक, या फटीच्या तावडीत होती. त्यातल्या बहुतेकांनी लॉगफोरजे स्वतः मागवलंच नव्हतं, ते आलं होतं काकूंच्या धण्यांसारखं. कंपन्यांमध्ये रात्र-रात्र एकच शोध चालू होता : हे आपल्याकडे आहे का आणि असेल तर नेमकं कुठे? आणि ही लायब्ररी सांभाळत कोण होतं? मोजके स्वयंसेवक. नोकरी सांभाळून, फावल्या वेळात. त्या एका महिन्यात त्यांनी एकामागून एक चार सुधारित आवृत्त्या काढल्या आणि वरून जगाच्या शिव्याही खाल्ल्या.

तिसरी गोष्ट मात्र वेब सीरिजमध्ये शोभेल अशी आहे. लिनक्समध्ये जवळपास सगळीकडे असणारं एक्सझेड हे फाइल्स दाबून लहान करणारं टूल लासे कॉलिन नावाचा एक जण वर्षानुवर्षं, छंद म्हणून, एकही पैसा न घेता सांभाळत होता. कामाचा वेग कमी आहे म्हणून काही अनोळखी खाती त्याच्या मागे लागली. त्याच काळात ‘जिया टॅन’ नावाचं कुणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं इमाने-इतबारे काम केलं, विश्वास मिळवला, चाव्या हातात आल्या. मग २०२४मध्ये या पाहुण्याने टूलमध्ये चोरदरवाजा बसवला. आणि तो कुठून आत आणला? बिल्डच्या स्क्रिप्टमधून! सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये ती महत्त्वाची ओळ नव्हतीच. ती होती फक्त डाउनलोडसाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात. वरवर चाचणीच्या वाटणाऱ्या फाइल्समध्ये लपवलेला माल ही स्क्रिप्ट बिल्ड होताना बाहेर काढून जोडत होती. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला आपलं लॉगइन नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं, तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ला त्याने हे सगळं जगासमोर ठेवलं. चोरदरवाजा तोवर मुख्यतः लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोहोचला होता. जिया टॅन कोण, हे कोडं आजही सुटलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमचं लायब्ररी मॅनेजमेंटचं मिनी-प्रोजेक्ट, आम्हाला कोण लुटणार? पण त्याच लॅपटॉपवर तुमचे पासवर्ड असतात, इंटर्नशिपवाल्या कंपनीचा कोड असतो. २०१९मध्ये पायथनच्या भांडारात ‘जेलीफिश’ या लायब्ररीची नक्कल सापडली. इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या ‘एल’च्या जागी कॅपिटल ‘आय’. डोळ्यांना फरक कळूच नये. आतला कोड वापरणाऱ्याच्या गुप्त चाव्या चोरत होता. आता तर आपण एआयला विचारतो आणि तो देईल ती इन्स्टॉल कमांड डोळे झाकून चिकटवतो. एआय कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव ठोकून देतो आणि ते नाव आधीच नोंदवून तिथे काहीबाही ठेवणं कुणालाही अवघड नाही. कमांड चिकटवण्याआधी भांडाराच्या साइटवर जाऊन ते पॅकेज कुणाचं, कधीचं, शेवटचा बदल केव्हा, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. क्रशचं इन्स्टा तर आपण चार वर्षं मागेपर्यंत बघतो!

आणि ते ‘माझ्याकडे चालतंय’ प्रकरण? त्यावर औषध आहे, फक्त बरेच जण ते कचरा समजून फेकतात. यादीत आकड्याआधी वर टोक असलेली छोटी खूण असते. तिचा अर्थ, ‘ही किंवा हिच्याशी जुळणारी नवी आवृत्ती चालेल’. तुम्ही जानेवारीत इन्स्टॉल केलं, मित्राने मार्चमध्ये केलं. यादी तीच, माल वेगळा! म्हणून एनपीएम एक लॉक फाइल तयार करतं, तिच्यात आलेल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते. गिटहबवर नोड मॉड्युल्सचं फोल्डर चढवू नका, लॉक फाइल चढवा, आणि मित्राला ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवायला सांगा. मग त्याच्याकडे अगदी तुमचाच माल उतरतो. पायथनवाल्यांनी रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये नुसती नावं न लिहिता आकडेही लिहावेत. जावावाल्यांसाठी मेव्हनची ‘डिपेंडन्सी ट्री’ नावाची कमांड आहे, तिने कोण कुणाचं बोट धरून आलंय ते झाडासारखं दिसतं. व्हायवाला ‘ही लायब्ररी का वापरली?’ असा प्रश्न हमखास येतो. हे झाड एकदा नीट पाहून ठेवलेलं असेल, तर त्या टेबलापलीकडे उत्तर देणारे तुम्ही एकटेच असाल.

ही झाडं जिवंत ठेवणाऱ्यांकडे आता पैशाच्या वाटाही थोड्या वळू लागल्यात. आपल्याकडच्या झिरोधाने २०२४मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलर देणारा फंड सुरू केला. तुमच्या पॉकेटमनीतून तेवढं जमणार नाही, मान्य. पण चुकीची नीट नोंद करणं, सूचनांमधलं न कळणारं वाक्य सोपं करून पाठवणं हेही या लोकांना लागतं, आणि त्यासाठी कोडिंगमध्ये टॉपर असावं लागत नाही.

आज रात्री प्रोजेक्ट उघडाल तेव्हा टर्मिनलमध्ये ‘एनपीएम फंड’ एवढं टाइप करून बघा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये येऊन बसलेल्यांपैकी कोणकोण आर्थिक मदत मागतंय, त्यांची नावं आणि लिंक समोर येतात. पहिली लिंक उघडा आणि त्या माणसाने स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचा.