घरचं टेनिस कोर्ट

टेनिस कोर्टच्या रेषांमधली जागा ७८ बाय ३६ फूट. पण मागे-बाजूला धावायला नको का? म्हणून साधारण १२० बाय ६० धरतात, म्हणजे ७२०० चौरस फूट. वर चेंडू अडवायला दहा फुटी जाळी.

न्यू जर्सीतल्या माझ्या मामाला घरामागे हे हवं होतं. जागा स्वतःची, पैसा स्वतःचा, तरी गाडी अडली! तिथे प्रत्येक गावाचे झोनिंगचे नियम : हद्दीपासून किती सोडायचं, कुंपण किती उंच, प्लॉटचा किती भाग पक्का झाकायचा. कोर्ट तिन्हींत अडकलं. मग बोर्डाकडे 'व्हेरियन्स', म्हणजे नियमातून सूट मागायची. २०० फुटांतल्या सगळ्या मालकांना दहा दिवस आधी नोटीस, मग जाहीर सुनावणी.

मामाने मुलांचा सराव, तब्येत वगैरे सांगितलं. पण राज्याच्या १९७५च्या कायद्यात अडचण जमिनीची लागते : प्लॉट अरुंद, वेडावाकडा किंवा उताराचा हवा. 'मला खेळायचंय' ही काही जमिनीची अडचण नव्हे. दुसरी वाट म्हणजे तोट्यापेक्षा फायदा जास्त दाखवणं. तोही एकट्या मालकाचा चालत नाही.

शेजारच्या आजींनी एकच विचारलं, पावसाचं पाणी कुठे जाणार? सिव्हिलवाल्यांनो, हिशेब करा : एक इंच पाऊस म्हणजे ६०० घनफूट, जवळजवळ १७ हजार लिटर. इंजिनिअरने शोषखड्ड्याचा नकाशा दाखवला, आजींचं समाधानही झालं. पण मामाचा प्लॉट सपाट नि सरळ चौकोनी. सूट नामंजूर.