एकाच सत्तेच्या दोन नभोवाण्या

आमच्या वसतिगृहातील अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, अमेरिकेच्या न्यायालयाने काळ्यांच्या मुलांना शाळेत समान हक्क दिला. मग त्या देशाला आपण साम्राज्यवादी का म्हणायचे?” मी घोषणेसारखे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. प्रश्न रास्त होता. कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाच्या प्रती मिळाव्यात म्हणून बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली दलित पँथरने तर नावच त्या लढ्यातून घेतले. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी दिले पाहिजे.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात एकमताने निकाल दिला की, वर्णावरून सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे. हे कोणाचे दान नव्हते. मुलांचे आईबाप फिर्यादी झाले, थर्गुड मार्शल यांच्यासारखे कृष्णवर्णीय वकील वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा हा निकाल पदरात पडला. सरकारचा हिशेब मात्र आणखी वेगळा होता. वर्णभेदामुळे कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयते खाद्य मिळते, असे सरकारच्या न्यायखात्याने डिसेंबर १९५२ मध्येच न्यायालयाला लेखी कळवले होते. निकाल लागताच तासाभरात ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ ही सरकारी नभोवाणी ३४ भाषांतून ती बातमी जगाला सांगू लागली. बातमी खरी होती, हे आपण मान्य केले पाहिजे.

आता त्याच महिन्यातील दुसरी नभोवाणी पाहू. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा छोटा देश आहे. तेथील मूळ रहिवासी माया. त्यांच्या जमिनी मळेवाल्यांनी गिळल्या आणि त्याच मळ्यांवर त्यांना राबवले. हुकूमशहा उबिको याच्या १९३४ च्या कायद्याप्रमाणे भूमिहीन माणसाला वर्षाकाठी दीडशे दिवस मळ्यावर काम केल्याची नोंद दाखवावी लागे. नाही तर तो भटका ठरून शिक्षेस पात्र होई. ज्यांच्या आजोबांनी गावकीची वेठ केली, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. १९४४ साली उबिको पडला. पुढे लोकांनी निवडून दिलेले अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी जून १९५२ मध्ये कायदा केला की, मोठ्या मळ्यांची पडीक जमीन सरकारने मोबदला देऊन घ्यावी व भूमिहीनांना वाटावी. सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली.

देशातला सर्वांत मोठा जमीनमालक होती युनायटेड फ्रूट ही केळीचे मळे चालवणारी अमेरिकन कंपनी. तिची बहुतेक जमीन पडीक होती. करासाठी कंपनीने स्वतःच जी किंमत दाखवली होती, ती धरून सरकारने सव्वासहा लाख डॉलर देऊ केले. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याने मागितले दीड कोटींहून अधिक! परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि सी.आय.ए. या हेरसंस्थेचे प्रमुख ॲलन डलेस हे सख्खे भाऊ. दोघे पूर्वी ज्या वकिली पेढीत होते, तिने या कंपनीचे काम पाहिले होते. कंपनीचा प्रचार-सल्लागार एडवर्ड बर्नेज याने पत्रकारांना कंपनीच्या खर्चाने ग्वाटेमाला फिरवून आणले. मग वृत्तपत्रांत जमिनीचा प्रश्न मागे पडला आणि ‘कम्युनिस्टांचा धोका’ तेवढा उरला. आर्बेन्झ यांच्या सल्लागारांत कम्युनिस्ट होते, हे खरे आहे. पण संसदेत त्यांचे अवघे चार सभासद होते, मंत्रिमंडळात एकही नव्हता.

१ मे १९५४ रोजी ‘मुक्तीचा आवाज’ नावाची नभोवाणी सुरू झाली. आम्ही ग्वाटेमालाच्या जंगलातून बोलत आहोत, असे तिचे निवेदक सांगत. प्रत्यक्षात कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत अमेरिकेतील मायामी शहरात. १८ जूनला सी.आय.ए.ने पोसलेला कर्नल कास्तियो आर्मास काही शे माणसे घेऊन सीमा ओलांडून आला. त्याच्या तुकड्या मार खात होत्या. नभोवाणी मात्र मोठ्या फौजा राजधानीकडे निघाल्याचे सांगत होती. अमेरिका स्वतःच उतरेल या धास्तीने लष्करी अधिकाऱ्यांनी लढण्यात कुचराई केली. २७ जूनला आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला. ब्राउन निकालाला तेव्हा एक्केचाळीस दिवस झाले होते.

नव्या राजवटीने वाटलेल्या जमिनी काढून घेतल्या आणि निरक्षरांचा मताधिकारही हिरावला. १९६० ते १९९६ देश यादवीत होरपळला. १९९९ साली सत्यशोधन आयोगाने दोन लाखांहून अधिक माणसे मारली वा नाहीशी केली गेल्याचे सांगितले. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. त्याच वर्षी अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्वाटेमालात जाऊन, अशा लष्कराला दिलेला पाठिंबा चूक होता, असे कबूल केले. तोवर पंचेचाळीस वर्षे उलटली होती.

एका नभोवाणीने खरे सांगितले, दुसरीने खोटे. चालवणारी सत्ता एकच होती. सोयीचे असते तेव्हा सत्ता खरेही बोलते. म्हणून बातमी खरी आहे का, एवढे विचारून आपले भागणार नाही. ती कोण सांगतो, कशासाठी सांगतो आणि तिच्याआड कोणाची जमीन जाते, हेही विचारले पाहिजे. हीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावावी लागेल. कामगारांचे नाव घेणाऱ्या सोव्हिएत सत्तेने १९५६ साली हंगेरीतल्या कामगारांवर रणगाडे घातलेच होते.

त्या विद्यार्थ्याला मी आता असे सांगेन: ब्राउनचा विजय कृष्णवर्णीय आईबापांचा आहे, त्यांना आपला जयभीम. तो विजय जगाला दाखवून स्वतःला न्यायी म्हणवणाऱ्या सरकारला प्रशस्तिपत्र देण्यापूर्वी मात्र, जमीन मिळून पुन्हा भूमिहीन झालेल्या ग्वाटेमालातल्या शेतकऱ्याची साक्ष काढ. त्याच्याजवळ नभोवाणी नव्हती.