दोन विती, तीन विती आणि धरणापलीकडचा डोंगर

डिंभे धरणाच्या काठावरून हुतात्मा बाबू गेनू सागर या त्याच्या जलाशयापलीकडचे डोंगर पाहा. लांबचा नंबर नसेल, तर पन्नाशीतही ते स्वच्छ दिसतात. घरी येऊन सुईत दोरा ओवायला घेतला, की मात्र हात लांब लांब जातो.

दूर पाहताना डोळ्याच्या भिंगाभोवतीचा स्नायू सैलावलेला असतो. जवळ पाहताना तो आकसतो आणि भिंग फुगतं. वयाबरोबर भिंग कडक होत जातं. दहाव्या वर्षी सुमारे १४ डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजण्याचं एकक) असलेली ही फुगण्याची ताकद चाळिशीत पाचाच्या आसपास आणि साठीत जेमतेम एकावर येते. मराठीने या अवस्थेला आणि तिच्या चष्म्यालाही एकच नाव दिलं: चाळिशी.

पण नंबर नुसत्या वयावर ठरत नाही, कामाच्या अंतरावरही ठरतो. १ ला मीटरमधल्या अंतराने भागलं, की लागणारी ताकद डायॉप्टरमध्ये मिळते. पुस्तक दोन वितींवर, साधारण ४० सेंटिमीटरवर असतं, तिथे २.५ डायॉप्टर लागतात. संगणक तीन वितींवर, ६५ सेंटिमीटरवर. तिथे दीड पुरतात. म्हणून साठीतला माणूस +२.५ चा वाचनाचा चष्मा लावून संगणकासमोर बसला, तर अक्षरं धूसर दिसतात आणि मान पुढे ताणली जाते. द्विनाभी चष्म्याचा खालचा भाग वाचनाचा असतो. भाताच्या बांधावरून चालताना त्यातून पायाखालची वाट पुसट दिसते, तिथे लांबचाच चष्मा बरा.

चाळिशी फक्त वाचणाऱ्यांसाठी नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. बाळहिरडा निवडणाऱ्या, तांदळातले खडे वेचणाऱ्या आपल्या बायांच्या डोळ्यांनाही तोच आधार हवा.

पण बाजारातल्या तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो. आपले दोन्ही डोळे सारखे असतीलच असं नाही. शिवाय गुपचूप वाढणारा काचबिंदू डोळ्यांच्या तपासणीतच सापडतो.

तपासणीला निघण्याआधी एक दोरी घ्या. नेहमीच्या कामाला बसा, डोळ्यापासून कामापर्यंत ती धरा आणि तिथे गाठ मारा. प्रत्येक कामाची एक गाठ. ती दोरी तपासणाऱ्याच्या हातात द्या.