चुन्यातला मका

पहाटेचे सहा. हातात झाकणाची बादली, पुढं चार बायका, मागं दोन. पत्र्याच्या शेडमधून गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज. कुणीतरी आपली बादली रांगेत ठेवून कोपऱ्यावर पाव आणायला गेलेली. एक काकू मध्येच घुसू पाहतात आणि बाकीच्या नुसत्या नजरेनं त्यांना मागं सरकवतात. आमच्या गावच्या गिरणीत मी हे लहानपणी रोज बघत होते. फरक एवढाच, की या बादल्यांतलं धान्य ओलं होतं. निथळतं ओलं, आणि नुकती चुन्यानं रंगवलेली भिंत असावी तसा त्याचा वास. असलं दळण घेऊन आपल्याकडं गेलं, तर गिरणीवाला डब्यासकट बाहेर काढेल.

हे गाव म्हणजे तेओतित्लान देल वाये. मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे. इंग्रजी स्पेलिंग बघून त्याला ‘ओक्साका’ म्हणू नये. मी म्हटलं होतं, आणि टॅक्सीवाला शहर येईपर्यंत मला तो शब्द शिकवत होता. राजधानीचं नावही वाहाकाच. तिथून तासाभराच्या आत हे गाव येतं. लोक सापोतेक, धंदा मागावर लोकरीचे गालिचे विणण्याचा. मी मात्र गालिचा न घेता परत आले. गेले होते ती एका घरात एक दिवस स्वयंपाक शिकायला.

हे वेड मला पंधरा-सोळा वर्षांपासूनचं. कुठंही गेले तरी एक दिवस म्युझियम सोडून कुणाच्या तरी ओट्याशी काढायचा. त्यात फसलेही आहे. एका नावाजलेल्या पर्यटनशहरात (नाव कशाला घ्या) बारा जणांना बारा शेगड्या दिल्या होत्या, भाज्या आधीच चिरलेल्या, वाटण बाटलीतलं आणि शेवटी रिबीन लावलेलं प्रमाणपत्र. शिकवणाऱ्या बाई स्वतः त्यातलं काहीच जेवल्या नाहीत. त्यांचा डबा बाजूला होता. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: आज तुमच्या घरी दुपारी हेच जेवणार आहेत का? तेओतित्लानच्या त्या घरातल्या सूनबाईंनी फोनवर उलट मलाच विचारलं, “मग दुसरं कोण करणार?” तिथं मी पैसे भरले.

थोडी माहिती द्यायला हवी, ती एका दमात देऊन टाकते. वाहाका राज्यात 570 नगरपालिका, स्पॅनिशशिवाय डझनभराहून जास्त मूळ भाषा. ‘सात मोलेंचं राज्य’ अशी त्याची ख्याती. मोले म्हणजे वाटणाचा दाट रस्सा. 2010 साली मेक्सिकोची पारंपरिक पाककला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या डायना केनेडी यांनी मेक्सिकोचा स्वयंपाक पुस्तकांत उतरवण्यात सगळी हयात घालवली आणि वाहाकावर एक स्वतंत्र जाडजूड ग्रंथ लिहिला. तेओतित्लानमधल्याच अबिगाइल मेन्दोसा यांचं पाट्यावर वाटून केलेलं जेवण खायला लांबून लोक येतात. झालं. आता मक्याकडं वळते, कारण माझा जीव तिथं अडकलाय.

शिकवणी खरं तर आदल्या संध्याकाळीच सुरू झाली होती. घरच्या आजी सत्तरीच्या. मी त्यांना ‘दोन्या’ म्हणायचे, तिथला मानाचा शब्द तो. त्या मला ‘मिहा’ म्हणायच्या, म्हणजे ‘माझ्या पोरी’. त्या सापोतेकमध्ये बोलणार, सूनबाई ते स्पॅनिशमध्ये करणार आणि माझं मोडकं स्पॅनिश त्यातलं निम्मं पकडणार. दोन्यांनी चुलीवर पातेलं चढवलं, पाण्यात चुना कालवला आणि बोट बुडवून माझ्यापुढं धरलं. चाटून बघ. जीभ किंचित चुरचुरली. “एवढंच,” त्या म्हणाल्या. किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम हे प्रमाण मी नंतर पुस्तकात वाचलं. त्यांचं माप म्हणजे जीभ.

चुन्याला तिथं ‘काल’ म्हणतात. मका शिजायला लागला, पाणी पिवळं झालं. दोन्या मधूनमधून एक दाणा काढून बोटांत चोळायच्या. साल सुटून आलं की पातेलं खाली. दाणा शिजवायचा नाही, त्याची पकड फक्त सैल करायची. मग झाकून रात्रभर ठेवायचा. सकाळी रोळीत घेऊन चोळून धुतला, की सालं पाण्याबरोबर जातात आणि गुबगुबीत दाणा उरतो. त्याचं नाव निक्स्तमाल. नाहुआत्ल भाषेत ‘नेक्स्तली’ म्हणजे राख. चुन्याच्या जागी चुलीतली राखही चालते, हे त्या नावातच आलं.

चुना नेमकं काय करतो? दाण्याच्या सालीत डिंकासारखा एक भाग असतो, तो चुन्यानं विरघळतो, थोडा पिठात मिसळतो आणि पीठ चिकट होतं. पंजाबी मक्याची रोटी थापताना कडा का फाटतात आणि मेक्सिकोतली तोर्तिया कागदासारखी का उचलते, याचं उत्तर इथं आहे. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी गेली की आपण उकळतं पाणी ओतून त्याला बांधतो. दोन्यांच्या मक्याला विरी चुन्यानं येते. दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण असं बांधलेलं, की पोटात जाऊनही शरीराला मिळत नाही. चुना ती गाठ सोडवतो.

ही गाठ किती महाग पडली बघा. कोलंबसानंतर मका युरोपात गेला. चुन्याची युक्ती मागंच राहिली. मका पिकवणारे गरीब शेतकरी तोच खाऊन राहू लागले आणि त्यांच्या हातांची, मानेची कातडी उन्हात काळी पडून सोलू लागली, पोट बिघडलं, पुढं बुद्धीही जायची. स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्यानं 1735 साली हा आजार लिहून ठेवला. 1771 मध्ये इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळालं. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकात हजारो लोक त्यानं मेले. 1914 पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा रोग जंतूंचा नसून ताटाचा आहे, हे दाखवायला सुरुवात केली, तर लोक त्यांच्यावरच चिडले. मेक्सिकोत मात्र तोच मका खाणाऱ्यांना हा रोग फारसा माहीत नव्हता. आणि हे आपल्यापासून फार लांबचं नाही बरं का. दख्खनच्या पठारावर, हैदराबादच्या बाजूला, निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्येही पेलाग्रा आढळायचा. डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि ज्वारीतल्या ल्यूसिन या घटकाकडं बोट दाखवलं. त्यावर पुढं बराच वाद झाला.

हे मी दोन्यांना सांगायला गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “चुना घातला नाही तर साल कसं निघेल?” विषय संपला.

गिरणीतून दळून आणलेल्या ओल्या पिठाला तिथं ‘मासा’ म्हणतात. दोन दिवस मला प्रत्येक वेळी बांगडाच आठवत होता. रोजचा मासा गिरणीचा, पण तो चुलीपाशी आला की दोन्या त्याला मेतातेवर आणखी एक हात देतात. मेताते म्हणजे काळ्या खडबडीत ज्वालामुखी दगडाचा पाटा. आपला पाटा जमिनीला टेकून सपाट असतो. याला तीन आखूड पाय असे, की उतार बाईकडून पलीकडं जातो. तिनं मागं गुडघ्यांवर बसायचं, लांब वरवंटा (तिकडं ‘मानो’ म्हणजे हात) दोन्ही टोकांना धरायचा आणि छातीचं वजन टाकून पुढं रेटायचा. वाटलेलं पुढच्या कडेवरून परातीत पडतं.

मी आवेशानं बसले. आजीच्या पाट्यावर चटण्या वाटलेल्या, मला काय शिकवायचंय! पाच मिनिटांत कळलं, की आपण वरवंटा मनगटानं फिरवतो आणि या बाया पाठीनं. माझं वाटण कडेला साचत होतं. दोन्यांच्या हाताखाली तोच गोळा पातळ पडद्यासारखा उतरत होता. त्यांनी माझ्या कंबरेवर हात ठेवून मला मागं खेचलं, वरवंटा किंचित तिरपा करून दिला आणि म्हणाल्या, “दगडाला काम करू दे.” दहाव्या मिनिटाला गुडघे बोलायला लागले.

तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. आपल्याकडं पाटा ओल्याला आणि जातं कोरड्याला. पाट्यावर चटणी, मसाला, वड्यांचं वाटण. रोजच्या भाकरीचं पीठ जात्यावर, बसून, खुंटा फिरवत. मेक्सिकोत स्पॅनिश लोक येईपर्यंत गोल फिरणारं जातंच नव्हतं. म्हणजे घरभर माणसांच्या रोजच्या भाकरीचं सगळं पीठ या उतरत्या दगडावर, गुडघ्यांवर बसून. गिरण्या येण्यापूर्वी बाईचे दिवसाचे पाच-सहा तास यात जायचे. मेतातेचं कौतुक करताना हे विसरू नये. गिरणी आली तेव्हाची आठवण सांगताना दोन्यांच्या चेहऱ्यावर पाट्याबद्दल कसलाही उमाळा नव्हता.

मग मी माझा लाडका प्रश्न विचारला. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगाव फिरून त्या लाखाच्या वर गोळा केल्या. तुम्ही मेतातेवर बसून काय गात होता? सूनबाईंनी भाषांतर केलं, दोन्या हसल्या आणि मांड्यांवर थाप मारून काहीतरी म्हणाल्या. सूनबाई म्हणाली, “त्या म्हणतात, दम कुठं असायचा?”

दगडांबद्दल आणखी थोडं, माझा विषय आहे म्हणून. घरात तीन मेताते होते: एक मक्याचा, एक मिरचीचा, एक कोकोचा. कोकोच्या दगडाखाली निखारे ठेवतात, म्हणजे कोकोतलं तूप सुटून वाटण वाहतं होतं. त्यात साखर आणि दालचिनी, तीही श्रीलंकेकडच्या पातळ सालीची. नव्या मेतातेवर आधी मका वाटून वाटून टाकून देतात, कचकच थांबेपर्यंत. आमच्या आजीनं नव्या पाट्यावर जाडं मीठ आणि तांदूळ असेच वाटून फेकले होते. वापरून दगड गुळगुळीत झाला, की तिथंही टाकी लावून घेतात. तिथल्या लग्नात मुलीला मेताते देण्याची रीत आहे, फुलं रंगवलेला. दोन्यांच्या मेतातेवरचा रंग कधीच गेलाय. मधोमध खोलगट झालाय, म्हाताऱ्या उंबऱ्यासारखा.

तोर्तिया. मातीचा मोठा तवा, कोमाल, त्याला आधी चुन्याचं पाणी फासतात, म्हणजे चिकटत नाही. गोळा थापून तव्यावर, कडा सुटल्या की उलटायची, दुसरी बाजू जरा जास्त वेळ, मग पुन्हा उलटायची. आता ती टम्म फुगली पाहिजे. आपल्या भाकरीचा पापुद्रा सुटतो तोच हा क्षण. पाण्याचा हात मात्र नाही. मी सवयीनं फिरवला आणि सूनबाई ओरडलीच. फुगली तर “आता तुझं लग्न करायला हरकत नाही” असं तिथं म्हणतात. माझ्या पहिल्या चार बसल्या त्या बसल्याच. पाचवी अर्धी फुगली. “साखरपुड्यापर्यंत आलीस,” सूनबाई म्हणाली. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झालीत, हे मी सांगितलं नाही.

शिकायला गेले होते तो पदार्थ खरं तर पिवळा मोले. तो नीट जमला, आणि नीट जमलेल्या गोष्टींवर काय लिहायचं? सुक्या मिरच्या तव्यावर भाजताना उठलेला खकाणा ओळखीचा. लसूण, जिरं, लवंग, मिरी ओळखीची. हिरव्या आंबट मिलतोमातेची चव नवी. दाटपणाला खोबरं-दाण्यांऐवजी पाण्यात कालवलेला मासा.

तारीख होती 29 ऑक्टोबर 2024. इकडं धनत्रयोदशी. तिकडं अंगणात झेंडूच्या जुड्या येऊन पडल्या होत्या, कारण 1 आणि 2 नोव्हेंबरला घरचे मेलेले लोक जेवायला येतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आणि आपलं दसरा-दिवाळीचं तोरण त्याच्याशिवाय होत नाही. मिरचीही तिकडचीच, पेरू-सीताफळही अमेरिकेचंच. आणि ‘चिकू’ हे तर तिकडच्या ‘चिकोसापोते’चंच आखूड झालेलं नाव. दोन्यांनी नवऱ्याच्या फोटोपुढं झेंडू, पाव आणि चॉकलेटचा पेला मांडायला घेतला होता. मी पितृपक्षातल्या पानाबद्दल सांगितलं, कावळ्याबद्दलही. कावळा शिवला नाही तर काय करता, हे त्यांनी फार गंभीरपणे विचारलं.

साताऱ्याला परत आल्यावर मी धान्याच्या दुकानात अख्खा सुका मका मागितला. दुकानदार म्हणाला, “किती कोंबड्या आहेत, ताई?” चुना पानवाल्याकडून, खायचा, पांढरा. मका भिजला, आईनं पाट्यावर वाटून दिला. पाट्याला उतार नाही, त्यामुळं वाटण सारखं तिच्याकडंच येत होतं. पहिल्या तोर्तियाचा घास घेऊन ती म्हणाली, “भाकरीला पानाच्या टपरीचा वास येतोय.” मी सातातली एक फुगलेली निवडून फोटो काढला आणि सूनबाईंना पाठवला. रात्री उशिरा दोन्यांच्या आवाजात निरोप आला, खाली भाषांतर: मिहा, पिवळी दिसतेय. चुना जास्त झाला. चाटून बघितला नाहीस.