चार मीटरच्या पुढची गाडी

२००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या ठरली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. त्यात बसणाऱ्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं, आणि आपल्याकडच्या सेडानच्या डिक्या आखूड होऊ लागल्या. इंडिगो सीएस आली, पुढे डिझायरही आवळली गेली. मागून कुणी दार आपटल्यासारख्या दिसणाऱ्या या गाड्या भरपूर खपल्या. पैसे वाचत होते, तेव्हा घेणाऱ्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

फोक्सवॅगनची व्हर्टस ४५६१ मिलिमीटर लांब आहे. सवलतीची रेघ तिनं अर्ध्या मीटरहून जास्त ओलांडली आहे. तिचं धाकटं इंजिन ९९९ सीसीचं, तरी लांबीपायी तिच्यावर जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्के कर बसायचा. सप्टेंबर २०२५मध्ये सेस गेला आणि तो ४० झाला, पण व्याख्येत बसणाऱ्या छोट्या गाड्या त्याच वेळी १८ टक्क्यांवर आल्या. जून २०२२मध्ये व्हर्टस बाजारात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ११ लाख २१ हजारांपासून १७ लाख ९१ हजारांपर्यंत होती. एवढ्या पैशात उंच, रुबाबदार एसयूव्ही दारात उभी राहते. त्यामुळे सेडान घेणाऱ्याला घरी दोनदा खुलासा करावा लागतो, एकदा किमतीचा आणि एकदा उंचीचा.

गाडीवर बिल्ला जर्मन असला तरी ती चाकणची. तिथला कारखाना २००९मध्ये सुरू झाला. आधी स्कोडाची फाबिया, मग पोलो, मग व्हेन्टो. २०१८मध्ये फोक्सवॅगन समूहाची एक अब्ज युरोंची ‘इंडिया २.०’ योजना जाहीर झाली आणि तिचं नेतृत्व समूहातल्या स्कोडाकडे गेलं. युरोपातली गाडी आणून इथे जुळवायची, या जुन्या रीतीनं किंमत आवाक्यात राहीना. म्हणून समूहाचा एमक्यूबी-ए-झीरो हा पाया भारतासाठी नव्यानं बेतला, आणि ९५ टक्क्यांपर्यंत सुटे भाग देशी करायचं ठरलं. त्यातून २०२१मध्ये कुशाक आणि टायगुन या एसयूव्ही आल्या, २०२२मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस या सेडान. शेवटच्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. कपडे वेगळे, हाडं तीच. इथली व्हर्टस मेक्सिकोलाही जाते.

व्हेन्टोच्या मानानं व्हर्टसच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जवळपास दहा सेंटिमीटरनं वाढून २६५१ मिलिमीटर झालं. संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवली जाणारी स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया एके काळी डॉक्टर-वकिलांची गाडी होती. स्लाव्हिया तिच्यापेक्षाही लांब आहे. तरी आज या वर्गाला मिडसाइजच म्हणतात.

आता गुण. पहिला गुण बसल्या जागी दिसत नाही, खराब रस्त्यावर कळतो. साठ-सत्तरच्या वेगात डांबराचा उखडलेला पट्टा आला की पुष्कळ गाड्या आतल्या माणसांना हलवून विचारतात, ही गाडी एक ठोका घेते आणि विषय संपवते. वेग वाढेल तशी ती रस्त्याला चिकटून बसते. इएससी, म्हणजे घसरणारी गाडी स्वतः सावरणारी यंत्रणा, सगळ्यात स्वस्त मॉडेललाही आहे. एप्रिल २०२३मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत दोघी बहिणींना मोठ्यांच्या आणि मुलांच्याही सुरक्षेसाठी पाचपैकी पाच तारे मिळाले. सनरूफसाठी हट्ट धरणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

इंजिनं दोन. १.०चं तीन सिलिंडरचं, ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटरचं. १.५चं चार सिलिंडरचं, १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटरचं. दोन्हींना टर्बो, दोन्ही पेट्रोलवर, कारण बीएस-६च्या वेळी, २०२०मध्ये, समूहानं भारतात डिझेल सोडलं. महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर फिरणाऱ्याची इथेच पंचाईत होते. त्याला जुन्या टीडीआय डिझेलची आठवण येणार, आणि ती रास्त आहे.

छोट्या इंजिनाची खोड ठाऊक असावी. टर्बो जागा व्हायला १७५०च्या आसपास फेरे लागतात. त्याखाली ते हजार सीसीचं साधं इंजिन असतं. भरल्या गाडीनं वरंधा घाटातलं वळण दुसऱ्या गियरमध्ये आळसानं घेतलंत तर ते मान टाकतं. पहिला टाका, फेरे राखा, मग तक्रार नाही. मोठ्या इंजिनात हा विषयच येत नाही. कमी ताण असला की ते दोन सिलिंडर बंद करतं, आणि लक्ष दिल्याशिवाय ते कळतही नाही. गंमत म्हणजे कंपनीच्या मूळ आकड्यांत १.५ डीएसजीचं, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकचं, अॅव्हरेज लिटरला १८.६७ होतं आणि १.० ऑटोमॅटिकचं १८.१२. बंद होणाऱ्या सिलिंडरांमुळे आणि डीएसजीत शक्ती कमी वाया जाते त्यामुळे, थोरली धाकटीपेक्षा कमी पिते.

पण त्याच डीएसजीपाशी थांबावं लागतं. सात गियरच्या या पेटीत दोन क्लच आहेत. एक विषम गियरांचा, दुसरा सम गियरांचा. तिसरा गियर चालू असताना चौथा तयार असतो, म्हणून बदल डोळ्याचं पातं लवण्याआधी होतो. हे क्लच कोरडे आहेत. तेलात बुडवलेले नाहीत, हवेनंच थंड होतात. कोरडे असल्यानं पेटी हलकी राहते, तेल घुसळण्यात शक्ती जात नाही, वरच्या अॅव्हरेजला त्याचीही मदत होते. मात्र चाकणच्या चौकात किंवा हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी इंचाइंचानं सरकताना गाडी अर्ध्या क्लचवर राहते आणि उष्णता साठते. या पेटीची २५० न्यूटन-मीटरची मर्यादा हे इंजिन पुरेपूर वापरतं, हेही विसरू नये. उष्ण आणि दमट हवेतल्या तक्रारींवरून २०१३मध्ये फोक्सवॅगननं जगभर लाखो गाड्यांतल्या डीएसजीच्या गियरचं तेल बदलून दिलं होतं. त्यानंतर पेटीत सुधारणा झाल्या, पण कोरडा क्लच कोरडाच आहे. त्यावर उपाय चालवणाऱ्याकडे आहे: पुढच्या गाडीला जाऊ द्यावं, अंतर पडलं की एकदम जावं, थांबलं की ब्रेक घट्ट दाबावा. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्यावा.

बाकीचे दोष भराभर सांगतो. मागची सीट दोघांची आहे. मधल्याच्या पायात बोगदा येतो, आणि १७५२ मिलिमीटर रुंदीत तीन भारदस्त खांदे मावत नाहीत. आजी-आजोबांना मागे बसवून गावी जायचं असेल तर होंडा सिटी बघावी. ५२१ लिटरच्या डिकीत सगळ्यांच्या बॅगा मात्र मावतात. जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर, पण हा आकडा रिकाम्या गाडीचा. वरच्या मॉडेलांत एसीची बटणं काढून स्पर्शाची काच बसवली आहे. थंडी वाढवायला रस्त्यावरची नजर काढावी लागावी, हे सुरक्षेचे तारे मिरवणाऱ्यांना शोभत नाही. स्वतः ब्रेक लावणारी एडास यंत्रणा २०२३मध्ये पेट्रोल सिटी आणि व्हर्ना या स्पर्धकांत आली, व्हर्टस तिच्याशिवाय उतरली. आणि सुटे भाग देशी झाले तरी सर्व्हिसच्या बिलाची जुनी धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नाही.

माझं मत विचाराल तर शहरातल्या कोंडीत रोज दोन तास घालवणाऱ्यानं १.० घ्यावी, टॉर्क कन्व्हर्टरच्या साध्या ऑटोमॅटिकसह. ती थोडं जास्त पेट्रोल पिते, पण सरकताना तिचं डोकं तापत नाही. शनिवारी पहाटे कोकणात उतरायची सवय असेल आणि गियर हातानं टाकण्यात आनंद वाटत असेल, तर १.५ मॅन्युअल. डीएसजीच हवी असेल तर वाढीव वॉरंटी सौद्याच्या दिवशीच घ्यावी, आणि सनरूफच्या मॉडेलचा विषय घरी त्यानंतर काढावा.