फाडफाड इंग्रजीचं पाव शतक

आमच्या तालुक्याच्या गावातल्या जुन्या शाळेनं शेवटची मराठी तुकडीही बंद केली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते जून २००० मध्ये. पाव शतकात विषय होता तो माध्यम झाला. त्याआधीच्या काळाबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, घोकलं जायचं आणि दहावीला पस्तीस गुणांसाठी नवस बोलले जायचे.

तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. श्रीमंताच्या पोराला मिळतं ते इंग्रजी शेतकऱ्याच्या पोरालाही मिळावं, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. मराठी बुडाली म्हणून ओरडणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मंडळींची नातवंडं तेव्हाच कॉन्व्हेंटात जात होती, हेही नोंदवून ठेवतो. पहिलीतलं इंग्रजी गाण्या-गोष्टींचं होतं, मुलं बोलायला लागली. घोळ झाला तो त्यानंतर.

पोरगं पाहुण्यांपुढे चार वाक्यं धडाधड बोलतं म्हटल्यावर संस्थाचालकांनी ठरवलं, आता गणित-विज्ञानही इंग्रजीतून झेपेल. आठवीपासूनचं सेमी इंग्रजी त्या दशकात पाचवीवर आलं, मग कुठे कुठे थेट पहिलीवर. 'हुशार' मुलं सेमीत, उरलेली मराठीत. एकाच शाळेत दोन जाती.

त्या दहा वर्षांत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवत होतो. व्हरांड्यात 'गुड मॉर्निंग सर, मे आय गो टू लायब्ररी' म्हणणारी मुलगी वर्गात 'बर्फ पाण्यावर का तरंगतो?' या प्रश्नाला इंग्रजीत 'बिकॉज'पर्यंत यायची आणि थांबायची. हाच प्रश्न मराठीत टाकला की विहिरीतली कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी का लागते, इथून सुरुवात करून ती घनतेपर्यंत पोचायची. पण पेपर इंग्रजीत. मग आम्ही उत्तरं पाठ करून घेतली. 'शास्त्रीय कारणे द्या' हा माझा लाडका प्रश्न. त्याच्या उत्तरात मुलांची स्वतःची वाक्यं असायची. चुकीची, तिरपागडी, पण स्वतःची. ती गेली. गणितात तर बेरीज येत असूनही पोरं 'ॲट मोस्ट' आणि 'रिस्पेक्टिव्हली'वर अडायची, आणि शेरा पडायचा, 'गणितात कच्चा'.

टोरांटोच्या जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ मध्येच मांडला होता. स्थलांतरित मुलांना गप्पा मारण्यापुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं. त्याच भाषेत अभ्यास करायला, वाचून तर्क लढवायला पाच ते सात वर्षं लागतात. तेही रस्त्यावर, दुकानात, मैदानात सगळीकडे इंग्रजी कानावर पडत असताना. आमच्या पोरांच्या कानावर ते तासापुरतं पडायचं. मातृभाषेत पक्कं समजलेलं दुसऱ्या भाषेत नेता येतं, असंही कमिन्स म्हणतात. आम्ही मुळात ते पक्कं होऊच दिलं नाही.

पालकसभेत मी हे बोललो. संस्थेचे एक पदाधिकारी हसून म्हणाले, "सर, तुम्हालाच फाडफाड येत नाही, म्हणून ही तक्रार." टाळ्या पडल्या. त्यांत माझे दोन सहकारीही होते. दहावीला ऐंशी टक्के मिळवलेली त्या बॅचची मुलं अकरावी सायन्सला भौतिकशास्त्राच्या पहिल्या चाचणीतच गडगडली, तेव्हा मात्र त्या सभागृहातलं कुणी विचारायला आलं नाही. क्लासवाल्यांचं भलं झालं.

२०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं आणि सरकारला शासन निर्णय मागे घ्यावे लागले. बरंच झालं. पण मुलं भागाकार कोणत्या भाषेत समजून घेतात, यावर त्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही. मराठीच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं घोषणा देणारे आमच्याच संस्थेचे विश्वस्त होते. आता त्यांनी नव्या इंग्रजी शाळेसाठी विज्ञान शिक्षक हवेत म्हणून फलक लावलाय. 'फ्लूएंट इंग्लिश आवश्यक. बी.एस्सी. असल्यास प्राधान्य.'