मोटारींतला दिवा : जुना आणि नवा

रात्रीच्या प्रवासांत गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून कोणाचें औषध, कोणाचा चष्मा शोधण्याची वेळ आली, म्हणजे मोटारीच्या छतांतील लहानशा दिव्याची आठवण होते. त्याचा पिवळसर उजेड पायांपाशीं पोहोंचतच नाहीं. अशा वेळीं पुष्कळ मोटारमालकांच्या मनांत जुना दिवा काढून एल्. ई. डी. दिवा बसविण्याचा विचार येतो. विचार योग्य आहे, आणि काम थोड्या खर्चांत होतें. परंतु त्यांतील मर्म न समजतां तें केलें, तर गाडींतला उजेड वाढतो आणि चालकास रस्ता मात्र कमी दिसूं लागतो.

जुन्या दिव्यांत टंगस्टनची एक बारीक तार असते. विजेनें ती तापली म्हणजे प्रकाश देते. पण खर्ची पडलेल्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेंतच जातो. एल्. ई. डी. मध्यें तापणारी तारच नसते. अर्धवाहक द्रव्याच्या दोन थरांच्या सांध्यांतून वीज वाहूं लागली कीं तेथूनच प्रकाश निघतो. तांबडा प्रकाश देणारा असा दिवा अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं तयार केला. तेजस्वी निळा दिवा साधण्यास आणखी सुमारें तीस वर्षें लागलीं, आणि त्या कामगिरीबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला, म्हणजे दोहोंच्या मिश्रणानें डोळ्यांस पांढरा प्रकाश दिसतो.

यांतला लाभ हिशेबानें पाहावा. छतांतील जुना दिवा पुष्कळ गाड्यांत १० वॅटचा असतो. दार नीट न लागल्यामुळें तो जळत राहिला, तर ३५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी दोन दिवसांच्या आंत रिकामी होते. तितकाच उजेड देणाऱ्या नव्या दिव्यास एक ते दीड वॅट पुरतात. तीच बॅटरी त्याला दहा दिवसांहून अधिक पुरेल.

बदल करतांना प्रथम माप पाहावें. छतांत बहुधा दोन्ही टोंकांस धातूच्या टोप्या असलेला नळीसारखा दिवा असतो. त्याची लांबी ३१, ३६ किंवा ४१ मिलिमीटर अशी वेगवेगळी असते. म्हणून दिवा बंद करून, निवूं देऊन, जुना मोजावा आणि मगच नवा आणावा. झाकण उचकटण्यास लोखंडी हत्यार न घेतां प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी. जुन्या दिव्यांतून वीज कोणत्याही दिशेनें वाहते, एल्. ई. डी. मधून एकाच दिशेनें. तेव्हां नवा दिवा लागला नाहीं, तर तो बिघडला असें न समजतां उलट फिरवून बसवावा.

दुसरी गोष्ट विजेच्या दाबाची. पांढऱ्या एल्. ई. डी. च्या एका कणास सुमारें ३ व्होल्ट लागतात. असे तीन एका ओळींत जोडले, तर ९ व्होल्ट. इंजिन चालूं असतां मोटारींतील दाब १४ व्होल्टपर्यंत चढतो. मधले ५ व्होल्ट सोसण्यास रोधक लागतो. २० मिलिअँपिअर प्रवाहासाठीं तो २५० ओहमचा हवा. तो नसेल, तर प्रवाह बेसुमार वाढून दिवा जळून जातो. तयार दिव्यांत ही योजना केलेलीच असते. सुटे कण जोडणाऱ्यानें ती स्वतः करावी लागते. नवी तार ओढावयाची असेल, तर बॅटरीच्या बाजूसच फ्यूज घालावा. तारेचें वेष्टण घासून ती पत्र्यास टेकली, तर वीज तोडून आग टाळणारा तोच. एअरबॅग असलेल्या खांबावरून तार मुळींच नेऊं नये.

आतां डोळ्यांचा विचार. अंधारास पुरतें सरावण्यास डोळ्यांस वीस ते तीस मिनिटें लागतात. आणि ती कमाई प्रखर उजेडानें क्षणांत जाते. शिवाय आंतल्या प्रकाशाचें प्रतिबिंब पुढील कांचेवर पडून रस्ता झांकून टाकतें. घाटांतल्या वळणावर दिवा नसलेली बैलगाडी किंवा पायीं जाणारा माणूस चार पावलें उशिरा दिसणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. अंधाराला सरावलेला डोळा निळसर प्रकाशानें लवकर बिघडतो, तांबड्यानें सर्वांत कमी. म्हणून शोभेसाठीं पायांपाशीं निळ्या पट्ट्या लावण्याची हौस रात्रीं गाडी चालविणाऱ्यास परवडणारी नव्हे.

तेव्हां दिवा घेतांना नुसती प्रखरता पाहूं नये. सुमारें ३००० केल्व्हिनचा, जुन्या दिव्याच्या छटेजवळचा प्रकाश निवडावा, उजेड मागच्याहून थोडाच अधिक असावा, आणि प्रकाश पसरविणारें झाकण पूर्ववत् बसवावें. आंतला दिवा उभ्या गाडीसाठीं आहे. शोधलेली वस्तु हातीं लागली, कीं तो मालवावा, क्षणभर थांबून डोळ्यांस अंधाराची ओळख होऊं द्यावी, आणि मगच गाडी पुढें काढावी.